इंजिनवाली की बॅटरीवाली

रविवार, १८ नोव्हेंबर २००७

परवा लिहिलं ते चूक आहे. 'मुकुलदादानं गाडी निवडायचं काम माझ्यावर टाकलं' असं लिहिलंय. टाकलेलं नाही. तो म्हणाला होता, "तू जरा बघून ठेव." निवडणं वेगळं, बघून ठेवणं वेगळं. आणि लेक्चर मी घ्यायचं हेही ठरलेलं नाही. तो म्हणाला, "जमलं तर तुलाच उभी करू." त्यातलं 'जमलं तर' मी गाळलं. आनंदात गाळलं असणार. आज दुरुस्त करते.

तर खरं एवढंच — नऊ डिसेंबरला, रविवारी, काका आणि त्यांचा मुलगा, म्हणजे दादा, चालवतात त्या आमच्या क्लासमध्ये पालकांसाठी फुकट लेक्चर आहे. समोरच्या क्लासवाल्यांनी मागच्या महिन्यात पोरांना दप्तरं वाटली. दादाला त्याहून मोठं काहीतरी पाहिजे. त्याच्या डोक्यात रिमोटवर धावणारी गाडी आहे. खेळण्यातली नव्हे — हातभर लांब, शौकीन लोक पळवतात तसली. फळीवरून उडवायची आणि मग म्हणायचं, बघा, आम्ही विज्ञान असं शिकवतो! अशा गाड्या दोन जातीच्या. इंजिनवाली आणि बॅटरीवाली. कुठली आणायची ते मी बघून ठेवायचं.

लेक्चर नीट झालं तर जानेवारीची रिपीटर बॅच मला. हे मात्र काका स्वतः बोलले. "फिजिक्स तुझं," म्हणाले. यात मी काही गाळलेलं नाही, घातलेलंही नाही.

दोन वर्षं झाली, जिन्याखालच्या टेबलावर बसून पोरांच्या शंका सोडवतेय. एका बाजूला पाण्याचा कूलर, दुसऱ्या बाजूला चपलांचा ढीग. मला फळ्यासमोर उभं राहायचंय. बाकी काही नको.

सोमवार, १९ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा जमिनीतून आवाज आला. लांब कुठंतरी सुरुंग उडवावा तसा. भांडी किणकिणली. गल्लीतले सगळे बाहेर! समोरचे आजोबा अर्धी दाढी करून रस्त्यावर. मग थोडं हसले सगळे, थोडा वेळ उभे राहिले, आणि घरात गेले. नांदेडला आता याची सवय होत चाललीय म्हणतात. मला नाही झाली.

काका उठलेसुद्धा नाहीत. पेपर वाचत म्हणाले, "खडक बसतोय. बसू द्या." त्यांचा चहा बशीत सांडलेला होता. का सांडला ते मला माहीत नाही. सांडलेला होता, एवढंच पाहिलं.

असं लिहायची सवय काकांनीच लावलेली. किल्लारीच्या भूकंपानंतर दोन वर्षं मी छताखाली जात नव्हते. शाळेच्या पायरीवर बसून किंचाळायचे. आठ वर्षांची होते. आईबाबा गेलेले. काकांनी मला पत्र्याच्या शेडमध्ये पाटीवर शिकवलं, पार पाचवीपर्यंत. पाटीच्या मधोमध आडवी रेघ. रेघेच्या वर — काय पाहिलं, काय ऐकलं. खाली — काय वाटलं. खालचं वर लिहिलं की पाटी पुसायची आणि पहिल्यापासून.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

सायबर कॅफेत बसून पुष्कळ वाचलं. इंजिनवालीला परदेशी लोक 'गॅस'ची गाडी म्हणतात. हे घरी सांगितलं तर काकू म्हणाली, "गॅसवर? सिलिंडर कुठं बसवतात मग? आपल्याला तर नंबर लावून महिना झाला!" दादा हसून हसून खोकला.

गॅस नाही आणि पेट्रोलही नाही. मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालते. लिंबाएवढं इंजिन, पण खरं — पिस्टन, सिलिंडर, सगळं. धूर येतो. आवाज करवतीसारखा. टाकी संपली की पुन्हा भरायची, दिवसभर चालवा. पण नखरे फार. थंडीत चालू होत नाही, उन्हात बंद पडते, हवा-तेलाचा स्क्रू रोज नव्यानं जुळवावा लागतो.

बॅटरीवाली गुपचूप पळते. बटण दाबलं की पळते, सोडलं की थांबते. घरात चालवा, हॉलमध्ये चालवा. पण दहा-बारा मिनिटांत दमते आणि मग तासभर चार्जिंग. आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल ते वेळापत्रकात असतं, कधी येईल ते नसतं.

माझं मत बॅटरीवालीकडे. दोन बॅटऱ्या घ्यायच्या, आदल्या दिवशी भरून ठेवायच्या. संपलं.

पंचशीला शंका घेऊन आली होती. हिमायतनगरची. रिपीटर. गेल्या वर्षी मेडिकल थोडक्यात हुकलं. काकांनी तिला फीमध्ये सवलत दिलीय, म्हणून सगळ्यात आधी येते आणि पहिल्या बाकावर बसते. माझ्यासमोरची गाड्यांची चित्रं बघून म्हणाली, "मॅडम, लग्नात घ्यायला लावताव का काय नवऱ्याला?"

शनिवार, २४ नोव्हेंबर

हैदराबादच्या दुकानदाराला फोन केला. दोन्ही गाड्या आहेत त्याच्याकडे. इंजिनवालीबद्दल बोलला ते जसंच्या तसं: "पेट्रोल नक्को डालो अम्मा, उसका तेल अलग आता. और अंदर के अंदर बिल्कुल नक्को चलाओ. कान फटते, धुआँ भरता." दोनदा सांगितलं त्यानं.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

इंजिनवालीच ठरली.

मी सगळं सांगितलं. दोन बॅटऱ्यांचं, धुराचं, दुकानदाराचं. दादा म्हणाला, "अगं, लोकांना आवाज पाहिजे! आवाज नसलेली गाडी म्हणजे बँड नसलेली वरात." मी काकांकडे बघितलं. मला वाटलं — वाटलं — ते माझ्या बाजूनं बोलतील. काका म्हणाले, "बॅटरीची गाडी जत्रेत पण मिळते. इंजिन म्हणजे इंजिन. पिस्टन दाखवता येईल पोरांना."

मी म्हटलं, मग उघड्यावर चालवायची, हॉलमध्ये नाही. दादा म्हणाला, "शेजारचा प्लॉट आहे की मोकळा." काकांनी मान हलवली. म्हणजे हे तरी ऐकलं.

तरी बॅटरीवालीच बरोबर होती.

रविवार, २ डिसेंबर

गाडी आली! पिवळी. मागं काळा पंख. दादा स्वतः जाऊन घेऊन आला. तेल ट्रान्सपोर्टनं मागून आलं.

प्लॉटवर नेली. दोरी ओढायची, ओढायची, ओढायची — काही नाही. दादाचा हात भरून आला. पोरं जमली. कुणीतरी म्हणालं, "सर, ढकलस्टार्ट करा!" मग मी स्क्रू अर्धा फेरा उघडला आणि ती पेटली. केवढी किंचाळली! दोन गल्ल्यांची कुत्री भुंकायला लागली. पंचशीलानं कानांवर हात ठेवले. "मॅडम, ही तर माझ्या मामाच्या लुनापेक्षा लई बोंबलती!"

खरं लिहायचं तर — मला ती आवडली. रिमोट माझ्या हातात होता. वळणावर मागची चाकं घसरली, धूळ उडाली, एरंडेल जळल्याचा गोडसर वास आला, आणि मी हसत होते. कुठल्याच बॅटरीवालीनं मला असं हसवलं नसतं. हे रेघेच्या वर लिहिते.

शनिवार, ८ डिसेंबर

शेजारच्या प्लॉटवर मांडव पडलाय. उद्या लग्न आहे कुणाचं तरी.

दादा म्हणाला, "मग हॉलमध्ये करू. स्टेज आहे, प्लायवूडचं, मस्त धावेल."

मी म्हटलं, हॉल तळघरात आहे. एकच जिना आहे.

"दोन मिनिटांचं काम, इरा. पंखे लावू."

पंखे लावायला लाईट राहील का, म्हटलं. काका म्हणाले, "वरचं दार उघडं ठेवा." झालं!

आणि लेक्चर दादाच घेणार. मी रिमोट धरायचा. "तुझा हात बसलाय त्यावर," म्हणाला. बॅचचं मात्र कायम आहे म्हणे. आता त्याच्या कुठल्या शब्दाला 'जमलं तर' लागलंय ते मी नीट ऐकत नाही. ऐकून उपयोग नाही.

रविवार, ९ डिसेंबर

नायगावच्या मन्मथअप्पांच्या मांडीचं हाड मोडलं. पालक आहेत. जिन्यात पडले, अंगावरून माणसं गेली. बाकीच्यांना खरचटलं. आज लिहवत नाही.

सोमवार, १० डिसेंबर

क्रमानं लिहिते.

हॉल भरला होता. भिंतीला टेकूनही लोक. दादा पुढं माईक घेऊन. मी स्टेजच्या मधोमध, रिमोट हातात, लोकांकडे तोंड करून. माझ्या मागं स्टेजच्या कडेला काका, खुर्चीवर. पहिल्या बाकावर पंचशीला आणि तीन मुली. लाईट होती. दादा बोलायला लागला आणि गेली. इन्व्हर्टरवर दोन ट्यूब राहिल्या. पंखे बंद.

गाडी पेटवून सोडली. स्टेज आतून पोकळ आहे. बाहेर ती किंचाळायची, इथं तसं झालं नाही. इथं ती घुमली. आवाज वरून आलाच नाही, पायाखालून आला. फळ्या थरथरल्या. पाण्याचे ग्लास वाजले.

मग कुणीतरी ओरडलं — "उठा! उठा! अंगणात व्हा!"

आणि सगळे उठले. कुणी विचारलं नाही, काय झालं. नांदेडच्या माणसांना आता विचारावं लागत नाही. चारशे माणसं एका जिन्याकडे. समोर पिवळी गाडी धावताना दिसत होती सगळ्यांना! डोळ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता, पायांवर होता. मीही धावले. रिमोट टाकून धावले. तो कुणाच्यातरी पायाखाली चुरडला. आणि रिमोट तुटला की इंजिनवाली थांबत नाही, आहे त्या वेगात राहते. ती भिंतीला जाऊन धडकली आणि तिथंच चाकं फिरवत किंचाळत राहिली, तेल संपेपर्यंत. जिन्यातल्या लोकांना वाटत राहिलं, अजून चालूच आहे.

बॅटरीवाली भिंतीला लागून गप्प बसली असती.

ओरडणं पुढच्या बाकांकडून आल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ११ डिसेंबर

मन्मथअप्पांना दवाखान्यात भेटायला गेलो, काका, दादा आणि मी. पाय वजनाला टांगलाय. ते दादावरच घसरले. "मोडलं ते मोडलं. पण मला नाव पाहिजे! भूकंप म्हणून कोण बोंबललं त्याचं नाव. न्हाई तर पोलिसात जातो मी."

दादानं तिथंच, खाटेशेजारी, नाव दिलं. पंचशीला. दोन पोरं म्हणतात, पुढच्या मुली ओरडल्या. आणि सगळ्यात आधी उठून उभी राहिली ती हीच. मी म्हटलं, उठणं वेगळं, ओरडणं वेगळं. दादानं माझ्या दंडाला हात लावला, म्हणजे गप्प बस.

रिक्षात त्यानं सगळं समजावून सांगितलं. तेवीस तारखेला, रविवारी, पालकसभा. पंचशीला सगळ्यांसमोर माफी मागणार. नाही मागितली तर सवलत बंद, क्लास बंद. "आणि तू फक्त एवढं सांग की ओरडणं मुलींकडून आलं. तू स्टेजवर होतीस, तुझं लोक ऐकतील. एक जानेवारीपासून बॅच तुझी. फळ्यावर नाव लिहून देतो."

काका बाहेर रस्त्याकडे बघत होते. मी विचारलं, काका, तुम्ही काय ऐकलं?

"मुलगी ओरडली," काका म्हणाले. "मी स्पष्ट ऐकलं."

स्पष्ट! मग माझं काय राहिलं. पण मी काल 'वाटलं' लिहिलंय. वाटलं ते रेघेखाली जातं. दादाला ही रेघ कधी शिकवलीच नाही का काकांनी?

बुधवार, १२ डिसेंबर

क्लासच्या दारावर नोटीस लागली. 'अफवा पसरवणाऱ्या विद्यार्थिनीवर कारवाई करण्यात येईल.' नाव नाही. नावाची गरज नाही, सगळे तिच्याकडेच बघतात. तिच्या बाकावर आज ती एकटी होती. बाकीच्या तिघी मागं जाऊन बसल्या.

गुरुवार, १३ डिसेंबर

आज प्रयोग केला.

दुपारी हॉल रिकामा असतो. पंचशीलाला खाली बोलावलं. मी स्टेजवर, त्या दिवशीच्याच जागी. तिला म्हटलं, तुझ्या बाकावर बस आणि ओरड.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, आता खरंच ओरडू? न ओरडता एवढं झालं!"

ओरड, म्हटलं. डोळे मिटले. "हाव मॅडम, ओरडून राहिले बघा!" — तिचा आवाज समोरून आला. तोंडावर आला. कुठंही जागा बदलून बस, समोरूनच येणार. त्या दिवशीचा आवाज मला मानेवर लागला होता. मागून. मागं फक्त एक खुर्ची होती.

पुन्हा ओरड, म्हटलं. आठ वेळा ओरडायला लावलं तिला. मला तो एकदा तरी मागून यायला हवा होता.

घसा धरून ती खाली बसली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? 'अंगणात व्हा' असं कोण म्हणतं हो? इथं कुठं आलं अंगण? मी असते तर म्हणले असते, पळा की!"

मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुम्हाला कळलं. मला त्या दिवशीच कळलं. पण मी मोठ्या सरांचं नाव घेऊन काय करू? माझं कोण ऐकतंय?"

शुक्रवार, १४ डिसेंबर

सोमवारी लिहिलेलं 'पुढच्या बाकांकडून' हे चूक. खोडत नाही. तसंच राहू दे, शेजारी हे लिहिते — आवाज काकांचा होता.

तो आवाज मी आधी एकदाच ऐकलाय, किल्लारीच्या रात्री. गणपती बोळवून सगळे झोपले होते. अंधारात तोच आवाज, तेच शब्द. उठा, उठा, अंगणात व्हा. मी आईच्या कुशीतून निघून त्या आवाजाकडे धावले. आई बाबांना उठवायला वळली. मी अंगणात पोहोचले आणि मागं घर नव्हतं.

जाग्या माणसांना कुणी 'उठा, उठा' म्हणत नाही, 'पळा' म्हणतं. तळघरात कुणी 'अंगणात व्हा' म्हणत नाही. ते शब्द त्या हॉलमधले नव्हतेच. मला हे नऊ तारखेलाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

ओरडले म्हणून माझा राग नाही. मीही रिमोट टाकून धावलेच की. पण "स्पष्ट ऐकलं"? ज्यांनी माझ्या पाट्या पुसायला लावल्या त्यांनी?

रविवार, १६ डिसेंबर

दादानं बॅटरीवाली आणली! निळी. सभेत चालवणार. "आवाज नाही, धूर नाही. तुझंच ऐकलं बघ शेवटी!" हॉलमध्ये फिरवून दाखवली. मांजरीसारखी गेली, बाकांखालून, पायांमधून. छानच आहे. मी रिमोट हातात घेतला नाही.

वर आणखी ऐकलं. मन्मथअप्पांना त्यानं सांगितलंय, "ती इंजिनवाली इरानं पसंत केली होती, आमची भूकंपातली पोर आहे, तिला कोण नाही म्हणणार?" मी विचारलं तर म्हणाला, "अगं, तू म्हणजे घरातलं माणूस. तुझ्यावर कोण चिडणार आहे?"

काका संध्याकाळी म्हणाले, "इराबाई, बॅचची तयारी सुरू करा. उष्णतेपासून घ्या, पोरांना सोपं जातं." नेहमीच्याच मायेनं म्हणाले. मी जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. खोटं.

मंगळवार, १८ डिसेंबर

पंचशीलाचा बाप आला होता हिमायतनगरहून. ऑफिसात काकांच्या पाया पडला. ती दारात उभी. मी तिच्या मागं. काकांनी त्याला खांदे धरून उठवलं, पाणी दिलं, म्हणाले, "पोरगी हुशार आहे. एकदा माफी मागू द्या, विषय संपला." इतक्या चांगुलपणानं म्हणाले की मला ओरडावंसं वाटलं.

नंतर ती कूलरपाशी आली. "मॅडम, मी मागणार हाय माफी. पाठ करून राहिले. सहा ओळी हायत." मी म्हटलं, पण तू केलंच नाहीस! "न्हाई केलं. पण माफी मागितली की बसू देतेत. मला बसायचंय. मे महिन्यात सीईटी हाय, मी दुसरा क्लास कुठं बघू?" मग तिनं पाण्याचा ग्लास भरून घेतला आणि प्यालीच नाही, तसाच धरून उभी राहिली. "आबानं पाय धरले ते मला दिसायला नव्हतं पाहिजे," एवढंच म्हणाली.

ठरलं. तेवीस तारखेला तिच्या आधी मीच उभी राहणार. मन्मथअप्पांना नाव पाहिजे ना? देते. सगळ्या पालकांसमोर, माईकवर. कोण ओरडलं आणि नंतर कोण खोटं बोललं. बॅच गेली तर गेली. जिन्याखालचं टेबलही गेलं तर गेलं. काकांना कसं वाटेल याचा मी विचार करणार नाही. त्यांनी पाया पडणाऱ्या त्या बापाचा केला का?

बुधवार, १९ डिसेंबर

बोलायचं ते पाठ करतेय. माझ्याही सहा ओळीच झाल्या. 'खोटं' हा शब्द तीनदा येतो. एकदा पुरेल.

गुरुवार, २० डिसेंबर

काकूला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक नाही गं." काय ठाऊक नाही? "दोन्ही. हे पण, किल्लारीचं ते पण. गल्लीतून कुणी परका माणूस ओरडत गेला आणि त्यानं आपल्याला वाचवलं, असंच ते धरून आहेत. मी एकदा सांगितलं होतं, अहो, तो तुमचाच आवाज. तर आठ दिवस अन्नाला शिवले नाहीत. 'मी ओरडलो असतो तर भाऊ उठला नसता का?' म्हणत बसायचे. पुन्हा नाही काढलं मी." दोन दिवस झाले, काका तिला विचारतायत, कुठली मुलगी होती ती, चेहरा का आठवत नाही?

काका खोटं बोलत नाहीयेत. त्यांनी खरंच दुसऱ्याच कुणाला तरी ओरडताना ऐकलं.

पंचशीलाला मी माफी मागू देणार नाही. रविवारी मी बोलणारच. पण काकांनी हे पहिल्यांदा चारशे माणसांत, माईकवरून ऐकायचं नाही. माझ्याकडून ऐकायचं, घरात, दार लावून. परवा. शनिवार, २२ डिसेंबर.